पूर्ण भरायला लागणारा वेळ

विजेवरची स्कूटर मी का घेतली, याची तीन कारणं मी तीन ठिकाणी सांगितली. बिल्डिंगमध्ये सांगितलं, प्रदूषण. ऑफिसात सांगितलं, पेट्रोल. दुकानदाराने विचारलं नव्हतं, तरी त्याला सांगितलं, पाठ. किक मारवत नाही. खरं कारण सत्तर किलोमीटरवरच्या एका गावात, सरकारी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीमागे बसून, "ही सकाळी एक, ही जेवल्यावर, आणि पाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही," असं लोकांना बजावत होतं. ते कारण म्हणजे माझी बायको.

हिची बदली झाली तेव्हा मी अतिशय धीराने वागलो, असं सगळे म्हणतात. मुलगी आदल्याच वर्षी लग्न होऊन गेलेली. घरात उरलो मी, फ्रिज आणि फ्रिजचा आवाज. एकाआड एक शनिवारी ही यायची. आली की पदर खोचल्यासारखी थेट ओट्यापासून सुरुवात करायची, आणि घर जरा माणसात येतंय तोवर रविवार संध्याकाळची बस पकडायची. मी तिकडे जावं म्हटलं तर दिवसाला दोनच बस, त्याही मध्ये एकदा बदलायच्या. शिवाय बसने जाणं म्हणजे वेळापत्रक बघून आठवण काढण्यासारखं. मला आठवण यायची ती मंगळवारी, भर दुपारी, कोणाच्या तरी नळजोडणीच्या अर्जावर सही करताना. त्या वेळेला बस नव्हती.

आणि आमची जुनी स्कूटर म्हणाल, तर ती गल्लीच्या तोंडाशी जायची तेव्हाही इतका धूर सोडायची की मागून येणाऱ्यांना वाटे, मी कशावर तरी औषध फवारतोय.

दुकानातला माणूस म्हणाला, "एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर, सर."

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. शंभरातून सत्तर गेले, तीस उरले. म्हणजे हिच्या दारात पोहोचून वर गावात एक फेरफटका. बायकोला मागे बसवून. मला त्या फेरफटक्याचंच इतकं अप्रूप वाटलं की शंभर किलोमीटर कोणत्या रस्त्यावर, किती वेगाने आणि कोणाला बसवून, हे विचारायचं राहून गेलं. पुढे कळलं की कंपनीवाले ते मोजताना एखादा हडकुळा माणूस घेतात, त्याला सपाट रस्त्यावर सोडतात आणि वारा पडण्याची वाट बघतात. मी हडकुळा नाही. रस्त्यात चढ आहे. वाऱ्याचं मी पुढे सांगतो.

स्कूटर घरी आली आणि मला पहिला प्रश्न पडला, जो खरं तर आणायच्या आधी पडायला हवा होता. स्कूटर खाली पार्किंगमध्ये, माझं घर तिसऱ्या मजल्यावर. मध्ये वीज नेणार कशी?

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली. वायर लांब हवी म्हणून घरातल्या तीन एक्स्टेन्शन एकमेकांना जोडल्या. पहिल्या दिवशी ती दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींच्या वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्याला अडकली. मावशींनी अभ्रा ओढला, वर माझा मिक्सर ओट्यावरून खाली आला. दुसऱ्या दिवशी मधल्या जोडाचा प्लग इतका तापला की वितळून त्याचा आकार कानासारखा झाला. तिसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या सुवाच्य अक्षरात सूचना लागली: 'काही सभासद खिडकीतून वस्तू लोंबकळत ठेवतात, ते इमारतीच्या शोभेस बाधक आहे.' वस्तू एकच होती आणि सभासदही एकच होता, पण सेक्रेटरी सभ्य माणूस. त्यांनी अनेकवचन वापरलं.

मी रीतसर पार्किंगमध्ये प्लग मागितला. सेक्रेटरी म्हणाले, "आमची काही ना नाही. तुम्ही वीज कंपनीचं पत्र आणा."

वीज कंपनीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आमची काही ना नाही. तुम्ही सोसायटीचं पत्र आणा."

मी म्हटलं, "ते म्हणतात आधी तुमचं."

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "पण आमचंही बरोबर आहे."

आता मी स्वतः पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहे. गेली कित्येक वर्षं मीही लोकांना हेच सांगत आलो आहे, आणि तेही इतक्याच गोड आवाजात. पण खिडकीच्या पलीकडे उभं राहिल्यावर त्या गोडपणाची चव वेगळी लागते. मी परत आलो.

सोसायटीची मीटिंग मात्र झाली. तिथे चर्चा फारच व्यापक झाली. एकाने विचारलं, आज यांना प्लग दिला आणि उद्या मी म्हटलं मला खाली फ्रिज ठेवायचाय, तर? दुसऱ्याने विचारलं, लिफ्टचं काय झालं? आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्याला तेच विचारायचं होतं. शेवटी मेनस्विच काका उठले.

मेनस्विच काका म्हणजे चौथ्या मजल्यावरचे काका. हे नाव त्यांना बिल्डिंगनेच दिलेलं. कारण एक तर ते एकदम पेटतात आणि एकदम बंद होतात, आणि दुसरं म्हणजे विजेच्या कुठल्याही बाबतीत त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते म्हणाले, "अहो, या गाडीची बॅटरी बाहेर निघते की! सीट उचला, खाली मूठ आहे, धरा आणि चालू लागा. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. म्हणजे पुस्तिकेत लिहिलेलं असणार, पण पुस्तिकेतली पहिली सात पानं 'हे करू नका' याचीच होती आणि मी तिथेच खचलो होतो. भर मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघू लागले. सेक्रेटरींनी 'विषय निकाली' असं लिहिलं. ते लिहिताना ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी बॅटरी घेऊन जिने चढू लागलो. बॅटरी वजनाला दीड-दोन वर्षांच्या पोराएवढी. एका हाताने धरली की माणूस एका बाजूला कलतो, म्हणून मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरायचो. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण बाजूला सरकून वाट द्यायचा आणि विचारायचा, "झोपली का?"

आणि सल्ले! मावशी म्हणाल्या, बॅटरी कधी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. सेक्रेटरी म्हणाले, कधी पूर्ण भरू नका. पूर्ण भरायची नाही आणि पूर्ण रिकामी करायची नाही, म्हणजे नेमकं करायचं काय, असं मी विचारलं तर दोघंही म्हणाले, तेच तर. मेनस्विच काकांचं मत या दोघांपेक्षा ठाम होतं. "नवीन आहे ना? मग आधी पूर्ण रिकामी करा, मग काठोकाठ भरा. असं तीनदा केल्याशिवाय बॅटरी मोकळी होत नाही. आमचा ट्रान्झिस्टर मी असाच वाढवलाय."

पुढे दुकानातल्या माणसाने सांगितलं की हे जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांचं शास्त्र. या नव्या बॅटरीला ते लागू नाही, उलट तळ गाठलेला तिला मानवत नाही. पण ते पुढे. त्या रविवारी मी बॅटरी रिकामी करायची म्हणून घराभोवती चकरा मारत सुटलो. त्याच रस्त्याने, त्याच चौकाने. पाचव्या फेरीला किराणावाल्याने विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?" नवव्या फेरीला त्याने स्टूल आणून दिलं. दिवस कलला तेव्हा स्कूटर घरापासून बरीच लांब, एका शाळेच्या फाटकापाशी थांबली, आणि मी ती ढकलत आणली. पण त्यात एक कळलं. काट्यावर सत्तर आणि वर थोडे किलोमीटर पडले होते. शंभर नाही.

सत्तर आणि थोडे. म्हणजे तीसचा तो फेरफटका गेला. गाडी हिच्या दारात पोहोचणार आणि बंद पडणार. मी स्कूटर ढकलता ढकलता विचार केला, आणि वाटलं, मला तरी याहून वेगळं काय हवं होतं?

त्यानंतर मात्र मी ही बॅटरी समजून घ्यायची असं ठरवलं. संध्याकाळी ती हॉलमध्ये फरशीवर ठेवायची, चार्जर लावायचा आणि समोर खुर्ची टाकून बसायचं. तिच्या पाठीवर जे छापलं होतं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. व्होल्ट अमुक, अँपिअर-अवर तमुक. दोघांचा गुणाकार केला की वॅट-अवर येतात, आणि असे हजार झाले की आपल्या बिलातलं एक युनिट. माझ्या बॅटरीचा गुणाकार दोन हजाराच्या आसपास भरला. दोन युनिट! मी थक्क झालो. म्हणजे माझ्या आणि माझ्या बायकोच्या मधला सगळा रस्ता दोन युनिटांत मावत होता. त्याहून जास्त तर आमचा गीझर खातो.

मग चार्जर पाहिला. तो तासाला देणार साधारण अर्धं युनिट. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, ही तर टाकी! आणि हा नळ! जन्म ज्या धंद्यात गेला तोच. दोन युनिटांची टाकी, तासाला अर्ध्या युनिटाचा नळ, म्हणजे चार तास. मग पाच का लागतात? तर टाकी भरत आली की आपला तो फुगा वर येतो आणि पाण्याची धार बारीक होते, तसंच हेही. ऐंशी टक्के झरझर भरतात आणि शेवटचे वीस लाडात येतात. शिवाय थोडं गळतंच. गळती नसलेली पाणीपुरवठा योजना मी अजून पाहिलेली नाही. माझा चेहरा इतका उजळला की ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि मी हिला फोन लावला.

"अगं, ऐक ना. बॅटरी म्हणजे टाकी असते."

"बरं."

"आणि चार्जर म्हणजे नळ."

"जेवलात का?"

"जेवलो. म्हणजे बघ, क्षमता भागिले नळाची धार बरोबर वेळ."

"काय जेवलात?"

मी काय जेवलो ते सांगितलं. ती मग म्हणाली, "दुधाला विरजण लावत जा. एकट्यासाठी दूध नासतं." मी म्हटलं, लावतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, जे बोलायला फोन केला होता ते टाकीबद्दल नव्हतंच. पण पंचवीस वर्षं संसार झाल्यावर माणूस 'तुझ्याशिवाय करमत नाही' असं एकदम म्हणू शकत नाही. ते म्हणायला काहीतरी निमित्त लागतं. निदान छत्री तरी.

छत्री मला दाराच्या मागे सापडली. काळी, लाकडी मुठीची. ही विसरून गेली असणार. आता पावसाचं नाव नव्हतं, आभाळ धुऊन ठेवल्यासारखं निळं होतं. पण विसरलेली वस्तू पोहोचवणं हे नवऱ्याचं कर्तव्य आहे आणि कर्तव्याला ऋतू नसतो. मी रजेचा अर्ज दिला.

साहेबांनी विचारलं, "कारण?"

"घरगुती, साहेब."

"घरी तर तुम्ही एकटेच असता."

"तेच कारण आहे, साहेब," मी म्हटलं. म्हणजे म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "गळती आहे." पाणीपुरवठ्यात गळतीला कोणी नाही म्हणत नाही. एका दिवसाची रजा मिळाली.

गुरुवारी सकाळी काठोकाठ भरलेली बॅटरी घेऊन मी निघालो. चार्जर डिकीत, छत्री पायाशी आडवी. मेनस्विच काका वरून ओरडले, "वेग वाढवू नका! वेग वाढवलात की बॅटरी पाण्यासारखी जाते!" हा मात्र त्यांचा एकमेव खरा ठरलेला सल्ला. मी सायकलवाल्यांना वाट देत चाललो होतो. एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने मला मागे टाकताना काळजीने विचारलं, "बंद पडली का?"

शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना शेतं आली आणि शेतांबरोबर वारा आला. समोरून. आयुष्यात इतकी वर्षं मी वाऱ्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता तो प्रत्येक झुळुकीसरशी माझ्या टाकीतून एक एक तांब्या काढून घेत होता, आणि मला ते समोरच्या आकड्यात दिसत होतं. मी वाकलो. पोट आत घेतलं. एक मोठा चढ आला तेव्हा तर मी अक्षरशः श्वास धरला, जणू माझा श्वास म्हणजेच खर्च. चढ संपला आणि आकडा एकदम इतका खाली आला होता की मला दरदरून घाम फुटला. शहरात सत्तरची खात्री देणारी बॅटरी इथे पन्नासातच डोळे पांढरे करू लागली. आणि पुढे अजून वीस किलोमीटर होते.

रस्त्याकडेला एकच इमारत दिसली. गुरांचा दवाखाना. मी बॅटरी छातीशी धरून आत शिरलो. बाकावर माणसं बसली होती आणि प्रत्येकाजवळ एकेक जनावर होतं. डॉक्टरीणबाई एका शेळीच्या कानात बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय होतंय?"

"ताकद संपली आहे," मी म्हटलं.

"खातंय का काही?"

"खाईल. प्लग मिळाला तर."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मी सगळं सांगितलं. म्हणजे टाकी, नळ, वारा. सत्तर किलोमीटर कशासाठी, ते नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "प्लग एकच रिकामा आहे, माझ्या पाणी उकळायच्या भांड्याचा. मला सुया उकळायची वेळ येईपर्यंत वापरा. आणि नुसते बसू नका, हिला धरा."

मी शेळी धरली. तिचं इंजेक्शन झालं, मग तिच्यानंतरचं वासरू धरलं. माझ्या अंगात पांढरा शर्ट होता, त्यामुळे थोड्याच वेळात लोक मलाच विचारायला लागले की डॉक्टर, चारा कधीपासून द्यायचा. मी म्हटलं, जेवल्यावर, पाण्याबरोबर. तोंडात तेच बसलं होतं. माझी नजर मात्र बॅटरीकडे. नळ बारीक, टाकी मोठी. तास उलटून गेला तरी जेमतेम तिसरा हिस्सा भरत आलेला. ऑफिसात लोक रांगेत उभे राहून माझ्याकडे कसे बघतात, ते त्या दिवशी मला कळलं.

"कोणाकडे निघालात एवढे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकांची छत्री द्यायची आहे."

त्यांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बायको?" त्या म्हणाल्या.

मी वासराच्या मानेकडे बघत मान हलवली. सुया उकळायच्या त्यांनी जरा लांबवल्या, पण एक म्हैस अवघडलेली आली आणि माझा नळ बंद झाला. कोणाच्याही बायकोपेक्षा अवघडलेली म्हैस जास्त तातडीची असते, हे मलाही मान्य आहे.

पुढचे किलोमीटर मी आकड्याकडे बघत काढले. पंधरा टक्के. नऊ. चार. हिच्या गावाची पाण्याची उंच टाकी लांबून दिसायला लागली, तेव्हा स्कूटरने एक बारीक सूर काढला आणि थांबली. समोर शेवटचा चढ. मी उतरलो, ढकलायला लागलो, थोडं ढकलून दमलो. शर्टाला शेळीचा वास येत होता. असं, अशा अवतारात, हिच्यासमोर जायचं नव्हतं मला. दुकानात वजाबाकी करताना मी डोळ्यांपुढे काय काय आणलं होतं! मी भुर्रकन दवाखान्यासमोर येऊन थांबतो, ही खिडकीतून बघते... शेवटी मी फोन लावला.

"अगं, मी इथेच आहे. चढाच्या खाली."

"कुठल्या चढाच्या?"

"तुझ्या."

ती पायीच आली. पांढरा कोट तसाच अंगात, गळ्यात चष्म्याची दोरी. लांबून मला पांढरा ठिपका दिसला आणि तो भराभर मोठा होऊ लागला. ती जवळजवळ धावतच होती. तेव्हा कळलं की मी तिला घाबरवून ठेवलंय.

"काय झालं? कोण आजारी आहे? पोरीकडे सगळं ठीक ना?"

"सगळं ठीक आहे. कोणाला काही नाही."

"मग?"

मी छत्री पुढे केली. "तुझी राहिली होती."

तिने छत्री घेतली, उलटी केली, मूठ पाहिली. आभाळाकडे पाहिलं. माझ्या शर्टाकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "अहो, ही आपली नाहीये. चौथ्या मजल्यावरच्या काकांची आहे. मागच्या वेळी ते साखर मागायला आले होते, तेव्हा विसरले."

मला वाटलं, आता ही हसणार. ती हसली नाही. छत्री तिने हँडलला अडकवली, कोटाच्या बाह्या वर केल्या आणि स्कूटरच्या मागे जाऊन दोन्ही हात टेकवले. "चला," म्हणाली. "तुम्ही हँडल धरा."

मी हँडल धरलं. आम्ही चढ चढायला लागलो. वाऱ्याने तिचा कोट फडफडत होता. मधेच तिने विचारलं, "किती वेळ लागला यायला?" मी म्हटलं, "सकाळी निघालोय." मागून रेटा एकदम वाढला.

हिची खोली मी पहिल्यांदाच पाहत होतो. एक खाट, एक खुर्ची, एक गॅसची शेगडी, भिंतीतलं एक कपाट. सगळं अगदी जागच्या जागी. आमच्या घरी हिच्या वस्तू नेहमी पसरलेल्या असत. इथे पसरल्या तर ओरडायला कोणीच नव्हतं. दारामागे दोन खिळे होते. एकावर तिची पिशवी. दुसरा मोकळा.

"दुसरा कशाला?" मी विचारलं.

"असू दे म्हटलं. लागतो कधी." ती पाठमोरी होऊन पाणी तापवत होती.

मी त्या खिळ्याला हेल्मेट अडकवलं.

बॅटरी खाटेपासून लांब, भिंतीशी ठेवून मी चार्जर लावला, बटण दाबलं, लाल दिवा लागलेला नीट पाहिला. आम्ही जेवलो. ताट एकच होतं, म्हणून ती पातेल्याच्या झाकणात जेवली. मी पुन्हा टाकी आणि नळ समजावून सांगितलं. या वेळी तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे ही केव्हा भरणार?"

"पाच तास धर. झोपेपर्यंत होईल सगळी. उद्या पहाटे निघेन. रजा एकाच दिवसाची आहे, आणि वाटेत पुन्हा भरावीच लागेल."

"एकाच दिवसाची," ती म्हणाली आणि झाकण घासायला उठली.

सकाळी उजाडल्यावर मी सवयीने आधी बॅटरीकडे गेलो. आकडा पाहिला आणि हादरलो. आठ टक्के. दिवा विझलेला. विजेचा दाब कमी पडला का? काल एकदम तळ गाठला म्हणून बॅटरीने राग धरला का? का शेळीने वायर चावली? मी प्लग काढून हुंगला, चार्जर कानाशी धरला, वायर बोटांत घेऊन इंचाइंचाने तपासत भिंतीपर्यंत गेलो. आणि भिंतीवर पाहिलं.

बटण बंद होतं.

"अगं," मी म्हटलं, "हे बटण बंद आहे."

ही डबा भरत होती. "वीज गेली असेल."

"वीज गेली तर बटण आपोआप बंद होत नाही."

"मला त्यातलं काय कळतंय? मी औषधं देते." तिने डब्याचं झाकण लावलं. लावलेलं पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. तिचे कान लाल झाले होते. लग्न ठरलं त्या दिवशी झाले होते, त्यानंतर मी ते तसे पाहिले नव्हते.

मला बोलायचं होतं. पुष्कळ बोलायचं होतं, आणि छत्रीशिवाय. पण मी नुसतं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग साहेबांना फोन केला.

"साहेब, आज येता येत नाही. बॅटरी भरली नाही."

"कमाल आहे तुमची," साहेब म्हणाले. "किती वेळ लागतो हो त्या बॅटरीला भरायला?"

मी हिच्याकडे पाहिलं. ती दाराशी उभी राहून पायात चपला सरकवत होती. पिशवी खांद्यावर, पाठ माझ्याकडे. वळून न बघताच तिने एक हात मागे केला आणि तीन बोटं दाखवली.

मी इतकी वर्षं पाणीपुरवठ्यात काढली आहेत. हिशोब मला पाठ आहे.

"सोमवार उजाडेल, साहेब," मी म्हणालो. "नळ फार बारीक आहे."